पुढे वाकताना लवण का ओढते, आणि ती न दुखवता कसं वाकायचं

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, ताण कुठे जाणवतो असं विचारलं, की बरेच जण काही न बोलता हात थेट गुडघ्याच्या मागे, लवणीवर नेतात. इथे ओढ लागली म्हणजे आसन नीट जमतंय, अशी त्यांची समजूत असते. खरं तर नेमकं उलटं आहे. मांडीच्या मागे, मधोमध, जिथे स्नायू सगळ्यात जाड असतो तिथे ओढ लागली तर ती कामाची. लवणीत, सांध्याला खेटून लागली, तर स्नायूचं टोक, पोटरीचा वरचा भाग, सांध्याचं मागचं आवरण किंवा नस यांपैकी कोणीतरी कुरकुरत असतं.

मी हे उशिरा शिकले. सुरुवातीची दोन वर्षं दंडासनात, म्हणजे पाय समोर सरळ पसरून, बसले की मी गुडघे जमिनीत रुतवायचे, इतके की टाचा दोन बोटं वर उचलल्या जायच्या. वर्गात त्याचं कौतुकही झालं होतं, त्यामुळे मी खूश. मग जिना उतरताना गुडघा मागच्या मागे निसटल्यासारखा वाटायला लागला. टाच अशी उचलली जाणं म्हणजे ताकद नव्हे, गुडघा सरळ रेषेच्या पलीकडे मागे जातोय याची ती खूण आहे, हे मला पुढे एका फिजिओथेरपिस्टकडून कळलं. थोडंसं मागे जाणं पुष्कळांच्या गुडघ्यात जन्मतःच असतं, त्यात काही बिघडत नाही. पण आसनाच्या नावाखाली रोज त्यावर जोर दिला, की मागचं आवरण आणि अस्थिबंध (हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे) सैल होत जातात.

पुढे वाकणं हे खुब्याचं काम आहे. खुब्यानं अंग चोरलं की भुर्दंड गुडघ्याला आणि कमरेला बसतो. म्हणून खाली सांगितलेला जवळजवळ प्रत्येक उपाय आधी गुडघा वाकवून, मग खुबा वळवून, आणि सगळ्यात शेवटी, जमलं तरच, गुडघा सरळ करून होतो. बहुतेक जण नेमके उलट्या टोकानं सुरुवात करतात.

आधी दुखतंय कुठे ते बघा

एका खुर्चीवर बसा, टाच जमिनीत दाबून मागे ओढल्यासारखं करा आणि हात लवणीवर ठेवा. दोन्ही कडांना दोरीसारखं काहीतरी ताठ झालेलं लागेल. बाहेरच्या बाजूला एक, आतल्या बाजूला दोन. या मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. स्नायू ताणला जातो, कंडरा फारशी ताणली जात नाही. त्यामुळे वाकताना या दोऱ्यांवर टोचलं, तर जिथे लांबी मिळण्यासारखी नाही तिथेच तुम्ही ओढता आहात.

लवणीच्या अगदी मधोमध ओढ किंवा दाब जाणवत असेल तर कारणं दोन-तीन असू शकतात. ती वेगळी करायला दोन सोप्या चाचण्या आहेत. पाय लांब करून बसा आणि ओढ लागेल इतकंच पुढे वाका. आता बाकी काहीही न हलवता फक्त मान वर करून समोर बघा. ओढ कमी झाली? मांडीचा स्नायू काही मानेला बांधलेला नाही, तेव्हा मान हलवून त्याची लांबी बदलायची नाही. मानेपासून कण्यातून खाली पायापर्यंत सलग जातो तो नसांचा मार्ग. म्हणजे ही ओढ बरीचशी नसेची आहे. नसेला एका जागी धरून ताणलेलं अजिबात सहन होत नाही. मुंग्या, जळजळ किंवा विजेसारखी चमक येत असेल तर शंकाच नको. अशा वेळी आसन धरून ठेवू नका. डोकं वर, पावलं सैल, आणि श्वासागणिक थोडं पुढे, थोडं मागे, एवढीच हालचाल ठेवा.

दुसरी चाचणी पावलांची. त्याच स्थितीत ताणलेली बोटं सोडून द्या, पाऊल ढिलं करा. ओढ गेली तर बहुधा पोटरी. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या खाली सुरू होतो असं आपल्याला वाटतं, पण तो मांडीच्या हाडाच्या तळाशी, म्हणजे गुडघ्याच्या वर चिकटलेला असतो आणि तिथून थेट टाचेपर्यंत जातो. चवड्याला पट्टा लावून बोटं स्वतःकडे खेचली, की त्याचं वरचं टोक लवणीत ओढतं. उपाय साधा आहे. पट्टा चवड्याला न लावता तळव्याच्या मध्यावर, टाचेच्या जवळ लावा, किंवा सरळ नडगी धरा. (पाऊल ढिलं केल्यावर नसेची ओढही कमी होते. म्हणून मानेची चाचणी आधी करायची.)

गुडघ्याच्या समोर, वाटीभोवती दुखत असेल तर मांडी गरजेपेक्षा जास्त आवळली जातेय किंवा दुमडलेल्या गुडघ्यावर भार येतोय. आणि दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीत असेल, तेही दुमडलेल्या पायात, तर त्या क्षणी थांबा. त्याबद्दल खाली सविस्तर.

नितंबाच्या तळाशी, बैठकीच्या हाडाजवळ बारीक ठणका असेल तर तो गुडघ्याचा त्रास नाही, पण कूळ एकच. तिथे हॅमस्ट्रिंगचं वरचं टोक आहे. अधिक ताणून ते मोकळं होईल असं वाटतं आणि नेमकं त्यानंच ते चिघळतं.

खुबा वळवायला शिका

हॅमस्ट्रिंग बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याखाली जाऊन पोचतात. म्हणजे त्या दोन सांधे ओलांडतात. कटी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, पुढे वळली की बैठकीची हाडं मागे आणि वर सरकतात, स्नायू वरच्या टोकाकडून लांब होतो. पण गुडघे आधीच ताठ असतील तर स्नायूची लांबी तिथेच संपलेली असते. कटी अडते. तरीही पुढे जायचंच म्हटलं की पाठीला पोक येतो, हात पाय ओढतात आणि गुडघे मागे रेटले जातात. हठयोगप्रदीपिकेत या आसनाचं वर्णन पाय दंडासारखे पसरून, पावलांची टोकं धरून, कपाळ गुडघ्यांवर ठेवावं असं आहे. ते वर्णन आसन पूर्ण झाल्यावर कसं दिसतं त्याचं आहे. आपण ते पहिल्या दिवशीची कृती म्हणून वाचतो, तिथे गडबड होते.

खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा, पावलं जमिनीवर. दोन्ही हात नितंबांखाली घाला आणि दोन टोकदार हाडं शोधा. आता कंबर ढिली सोडा: हाडं पुढे सरकतील, पाठ वाकेल. मग उलट करा, बेंबी मांड्यांकडे न्या: हाडं मागे जातील आणि तुम्ही त्यांच्या पुढच्या उतारावर बसाल. ही एवढीशी हालचाल म्हणजे पुढे वाकण्याचा गाभा. दहा-बारा वेळा करा. जमली की हात काढून पोट मांड्यांवर टेकवा. गुडघे काटकोनात आहेत, ओढ कुठेच नाही, तरी तुम्ही पुरते वाकला आहात.

उभं राहून तेच शिकायला भिंत वापरा. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढे उभं राहा, गुडघे किंचित सैल, आणि पाठ न वाकवता नितंबांनी भिंतीला स्पर्श करा. चार बोटं पुढे सरका, पुन्हा करा. पाठ सरळ राहतेय की नाही कळत नसेल तर एक काठी पाठीशी उभी धरा: डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मध्य आणि माकडहाडाच्या वरचं सपाट हाड, तिन्ही जागी ती टेकलेली राहिली पाहिजे. कुठलीही एक जागा सुटली की त्या दिवसापुरती तुमची हद्द तीच.

झोपून सुरुवात करा

गुडघा दुखत असताना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी उभं राहून किंवा बसून वाकायला सांगतच नाही. सुप्त पादांगुष्ठासन पट्ट्यानं करा. पाठ जमिनीवर असल्यामुळे पोक काढता येत नाही, शरीराचं वजन सांध्यावर पडत नाही, आणि ताण किती द्यायचा ते तुमच्या हातात राहतं. अक्षरशः.

उताणे झोपा. डावा पाय दुमडून पाऊल जमिनीवर ठेवा. उजव्या तळव्याच्या मध्यावर पट्टा लावा, पट्टा नसेल तर लांब ओढणी चालते. उजवी मांडी उभी करा, छताकडे. गुडघा अजून वाकलेलाच. आता मांडी हलू न देता नडगी हळूहळू वर न्या. मांडीच्या मध्यावर पहिली ओढ लागली की तिथेच थांबा. गुडघा अर्धवट वाकलेला असला तरी चालेल. गुडघा सरळ करण्याच्या हट्टापायी टाच खेचू नका. सरळच करायचा असेल तर मांडी थोडी खाली, जमिनीकडे उतरू द्या.

तिथे ६ ते ८ श्वास. मग टाच पट्ट्यात हलकेच दाबा, पाय खाली आणायचा असल्यासारखी, पण पट्टा त्याला जाऊ देत नाही. जोर एखादं दार ढकलावं इतकाच. ५ सेकंद दाबा, सोडा. सोडल्यावर बहुधा पाय आपोआप थोडा वर जातो. गेला तर जाऊ द्या, ओढून नेऊ नका. प्रत्येक पायाला दोन-तीन वेळा पुरे.

या सगळ्यात एक हात लवणीवर फिरवत राहा. दोरी ताठ लागली आणि मांडीचा मध्य मऊच राहिला, तर गुडघा आणखी वाकवा.

“वाटी वर खेचा” म्हणजे नेमकं काय

योगाच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणाऱ्या सूचनांपैकी ही एक, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या अर्थानं घेतली जाणारीही. सांगणाऱ्याला अपेक्षित असतं की मांडीचा समोरचा स्नायू जागा व्हावा. ऐकणारा गुडघा मागे ढकलतो. दोन्हींत वाटी वर जाते, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. आतून खूप कळतो.

पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली मुठीएवढी टॉवेलची गुंडाळी ठेवा. बोट वाटीच्या वरच्या कडेवर. आता मांडी अशी आवळा की वाटी बोटाकडे सरकेल, पण गुंडाळी चेपली जाणार नाही. पहिल्या प्रयत्नात ती चेपली जातेच. मांडी आवळायची पण गुडघा खाली दाबायचा नाही, ही दोन कामं मेंदूला वेगळी करायला दोन-चार दिवस लागतात. जमलं की दुसरी पायरी: टाच जागची न हलवता, ती जमिनीवरून स्वतःकडे ओढत असल्यासारखं करा. मांडीचा मागचा भाग जागा होईल. आता पुढचा आणि मागचा दोन्ही स्नायू काम करतायत, आणि गुडघा दोन्ही बाजूंनी दोर बांधलेल्या खांबासारखा मधे उभा आहे. पुढचं प्रत्येक आसन याच गुडघ्यानं करायचं.

ज्यांचे गुडघे मागे जातात त्यांना यात सरळ गुडघा वाकडा वाटतो. आरशात बाजूनं बघा किंवा कुणाला तरी फोटो काढायला सांगा: खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत आहेत, आणि तुम्हाला मात्र वाटतंय की आपण गुडघा वाकवून उभे आहोत. वर्षानुवर्षांची सवय असते ती. डोळ्यांवर विश्वास ठेवा.

उभं राहून: उत्तानासन

पावलं खुब्यांइतकी अंतरावर, समांतर. गुडघे भरपूर वाकवा, इतके की पोट मांड्यांवर टेकेल. हात जमिनीवर, विटांवर किंवा समोरच्या खुर्चीवर, जिथे सहज पोचतील तिथे. हातांना आधार नसेल तर धडाचं सगळं वजन मांडीमागच्या स्नायूंना लटकतं आणि ते बिचारे घाबरून आणखी आवळतात.

वजन टाचा आणि चवडे यांत सारखं वाटा. बहुतेकांचं वजन टाचांवर जातं, खुबे घोट्यांच्या मागे जातात आणि गुडघे मागे रेटले जातात. खुबे घोट्यांच्या बरोबर वर आणले तर पुढे तोल जाईल अशी भीती वाटते. हातांखाली विटा असल्या की ती जाते.

पोट मांड्यांवर टेकलेलं ठेवूनच बैठकीची हाडं छताकडे उचला. “गुडघे सरळ करा” असं मनात म्हणू नका, “हाडं वर” एवढंच म्हणा. गुडघे त्यामागून जितके सरळ होतील तितके होऊ द्या. ५ श्वास. गुडघे मागे जाण्याची खोड असेल तर आणखी एक युक्ती: हात पोटरीच्या वरच्या भागामागे ठेवा, हातानं पोटरी पुढे दाबा आणि पोटरीनं हाताला मागे दाबू देऊ नका.

उठताना गुडघे वाकवा, हात मांड्यांवर, आणि मग धड वर. ताठ पायांनी झटक्यात वर येताना दुखावलेले गुडघे आणि कमरा मी आसनात दुखावलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

पार्श्वोत्तानासनात, म्हणजे एक पाय पुढे ठेवून त्यावर वाकताना, पुढच्या पायाला हीच काळजी दुप्पट घ्या, कारण तिथे एकाच गुडघ्यावर सगळा रेटा येतो. पुढचा गुडघा किंचित वाकलेला, हात विटांवर. प्रसारित पादोत्तानासनात, म्हणजे पाय फाकवून उभं राहून वाकताना, पाय फार फाकवू नका. पावलं मॅटवर सरकायला लागली की गुडघ्याची आतली बाजू ताणली जाते, तेव्हा अनवाणी, घसरणार नाही अशा जागी उभं राहा आणि पावलांच्या बाहेरच्या कडा दाबून धरा.

बसून: पश्चिमोत्तानासन

पहिली गोष्ट उंचीवर बसणं. पाय लांब करून जमिनीवर बसल्यावर कंबर मागे कलत असेल, म्हणजे हात मागे टेकल्याशिवाय पाठ सरळ राहत नसेल, तर नितंबांखाली घडी केलेल्या दोन चादरी घ्या. तरीही कलली तर तीन, नाहीतर लोड. उंची किती घ्यायची याला माप नाही. बैठकीच्या हाडांच्या पुढच्या उतारावर बसता आलं पाहिजे, बस. मी अजूनही चादर घेते. घडी नितंबांच्याच खाली हवी, मांडीखाली पुढे आली तर काही उपयोग नाही.

गुडघ्यांखाली गुंडाळी ठेवा. लवण दुखणाऱ्यांना जाड, गुडघे मागे जाणाऱ्यांना पातळ. तिच्यामुळे गुडघ्याला मागे जायला जागाच उरत नाही, आणि मांडीला सैल सोडायचा भरवसा येतो. पावलं छताकडे. ती बाहेर पडत असतील तर मांड्याही बाहेर वळतायत आणि ताण लवणीच्या एका कडेवर जाणार. अंगठ्यांखालच्या चवड्याच्या भागानं पुढे ढकला.

पट्टा तळव्याच्या मध्यावर, हात सरळ, खांदे खाली. श्वास घेताना छाती पट्ट्याच्या दिशेनं वर, सोडताना बेंबी पुढे. डोकं पुढे नाही, बेंबी. कपाळ खाली नेण्याची घाई केली की पाठ गोल होते आणि वाकल्याचा नुसता भास होतो. हात सरकवून पुढे जाऊ नका. कटी वळली की हात आपोआप ढिले पडतील, तेव्हाच ती ढिलाई घ्या. ८ ते १० श्वास. लवणीत ओढ सुरू झाली तर मागे येऊ नका, आधी गुंडाळी जाड करा. बहुतेक वेळा एवढ्यानं ओढ मांडीच्या मध्यावर सरकते, आणि ते सरकणं एकदा अनुभवलं की पुढचं शिकवावं लागत नाही.

एक पाय दुमडून: इथे जपा

जानुशीर्षासन पश्चिमोत्तानासनापेक्षा सोपं म्हणून आधी शिकवलं जातं. मांडीच्या ताणापुरतं ते सोपं आहेही. पण दुमडलेल्या गुडघ्यासाठी नाही. गुडघा मुख्यतः बिजागरी आहे: वाकतो, सरळ होतो. वाकलेला असताना थोडाच फिरतो. मांडी बाहेर वळवायचं काम खुब्याचं. खुबा तेवढा वळत नसेल आणि गुडघा जमिनीला टेकवायचाच असेल, तर नडगी पिळली जाते आणि आतल्या गादीवर, मेनिस्कसवर, चिमटा बसतो. वाकलेल्या गुडघ्याला पीळ आणि वर भार, असाच तो फाटतो. आणि गादीचा आतला भाग रक्तपुरवठा नसल्यामुळे सहसा भरून येत नाही. स्नायू ताणला तर काही आठवड्यांत सुधारतो. इथे ती सोय नाही.

म्हणून क्रम असा. दोन्ही पाय लांब. उजवा गुडघा आधी छताकडे उभा वाकवा आणि टाच नितंबाजवळ आणा, म्हणजे गुडघा पूर्ण मिटेल. मिटलेला गुडघा अर्धवट वाकलेल्या गुडघ्यापेक्षा कमी पिळला जातो, कारण मांडी आणि पोटरी एकमेकींना धरून एकत्र फिरतात. मिटलेला ठेवूनच मांडी खुब्यातून बाहेर उतरवा. हातानं मांडीचा मांसल भाग बाहेरच्या बाजूला वळवा. गुडघा जिथे थांबेल तिथे त्याच्याखाली वीट किंवा चादर भरा. तो अधांतरी राहता कामा नये. मिटतानाच लवणीत दाटल्यासारखं होत असेल तर रुमालाची पातळ गुंडाळी लवणीत घाला, नाहीतर टाच थोडी लांब ठेवा.

मग सरळ पायाकडे वाका. आतल्या फटीत काहीही जाणवलं, अगदी बारीक टोचलं तरी, तीन गोष्टी याच क्रमानं करा: वाकणं कमी करा, गुडघ्याखालचा आधार उंच करा, दुमडलेला पाय कमी फाकवा. तिन्हींनी गेलं नाही तर तो पाय सोडा. “थोडं सहन करा, सुटेल” हे मांडीच्या ओढीला लागू आहे, या दुखण्याला कधीच नाही.

त्रिअंगमुखैकपाद पश्चिमोत्तानासनात, जिथे एक पाय वीरासनासारखा मागे दुमडतात, तिथे उंचीवर बसा, हातानं पोटरीचं मांस मागे आणि बाहेर सारा आणि पाऊल सरळ मागे ठेवा. पाऊल बाहेर फाकलं की गुडघ्याची आतली बाजू उघडते. अर्धपद्म घालून (एक पाऊल दुसऱ्या मांडीवर ठेवून) पुढे वाकायचं आसन दुखरा गुडघा असेपर्यंत करूच नका. त्याला तडजोडीची आवृत्ती नाही.

पाठीवर दाब नको

वाकलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून दाबणं, कधी तर चक्क बसणं, हा प्रकार अजून चालतो. दाबणाऱ्याला तुमच्या लवणीतली ओढ कळत नाही. तुम्हाला मात्र ती कळल्यावर सांगेपर्यंत उशीर होतो. आधीच सांगून ठेवा: “सर, गुडघ्याला त्रास आहे, दाब देऊ नका.” यात उद्धटपणा नाही. मदतच करायची असेल तर माझ्या कटीला हात लावून ती पुढे वळवा म्हणावं. चांगल्या शिक्षकाला ते लगेच पटतं.

दुखणं सुरू झालंच असेल तर

पहिला आठवडा ताणणं पूर्ण बंद, चालणं सुरू. नंतर झोपून पट्ट्याचा प्रकार, गुडघा वाकवूनच. त्याच्या जोडीला ताकद. लवचिकतेच्या नादात आपण हे विसरतो, पण नुसता ताणलेला आणि कमकुवत स्नायू गुडघ्याला आधार देत नाही. सेतुबंधासन (उताणे झोपून, गुडघे वाकवून, नितंब वर उचलणं) दहा वेळा वर-खाली करा. जमलं की टाचा नितंबांपासून थोड्या लांब ठेवून करा, म्हणजे हॅमस्ट्रिंगवर काम येईल. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा. भिंतीला धरून टाचा उचला, पंधरा वेळा. एक दिवसाआड. कंटाळवाणं आहे, पण माझी जिना उतरतानाची भीती गेली ती यानंच. कुठल्याही नव्या आसनानं नव्हे.

करताना हलकी ओढ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही, तर मात्रा बरोबर. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला किंवा जास्त दुखरा, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

काही वेळा मात्र आसनांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. गुडघा सुजला, मधेच अडकला आणि सरळ होईना, चालताना दगा देऊ लागला, पडल्यावर किंवा ‘टक्’ असा आवाज होऊन दुखायला लागला, पायाला बधिरपणा आला, रात्री झोपेतून जाग यावी इतका ठणकतोय. लवणीत फुगवटा हाताला लागत असेल तर तोही दाखवा. गुडघ्यात पाणी साठलं की ते बरेचदा मागे येऊन असा फुगा होतो, आणि त्याचं मूळ सांध्यात असतं. आणि एका पोटरीला सूज, लाली, गरमपणा आणि दुखणं एकदम आलं, तर ते ताणू नका, चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती शिरेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. कमरेतून पायात कळ जात असेल तर पुढे वाकणं सध्या बंद, तपासून घेईपर्यंत.

गुडघा सरळ कधी करायचा

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि आठवड्यांत उत्तर मागतात. आठवडे मोजू नका, पोट मोजा. उत्तानासनात किंवा पश्चिमोत्तानासनात गुडघे वाकवून पोट मांड्यांवर टेकवा. आता पाय हळूहळू सरळ करत जा. ज्या क्षणी पोट मांडीपासून सुटेल तिथे थांबा आणि गुडघे पुन्हा किंचित वाकवा. तेवढा कोन तुमचा आजचा. उद्या सकाळी तो कमी असेल, संध्याकाळी जास्त, थंडीत पुन्हा कमी. मला स्वतःला पोट न सोडता पाय जवळजवळ सरळ करता यायला दीड वर्ष लागलं, आणि डाव्या गुडघ्याखाली मी आजही पातळ गुंडाळी ठेवते.